डाळिंबं आता पुरे!

मोठं दुखणं घरात आलं की औषधांचा ढीग साचतो, तसा किश्श्यांचाही साचतो. माझी औषधं आटोपली, रिपोर्टही चांगला आला, पण किस्से काही संपत नाहीत. भाजी निवडायला बसलं की शेजारणी सुरूच, "आजी, तो विगचा सांगा ना!" म्हटलं, एकदा सगळे सांगूनच टाकू.

तर झालं असं, माझ्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. मी राहते चारकोपला, मुलाकडे. मुलगा दिनेश इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, सून वैशाली घरी ब्लाउज शिवते, नात शाळेत जाते. सहा डोस लागणार म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी एका डोसचा खर्च सांगितला आणि दिनेशचा चेहराच उतरला.

शाळा मी पाहिली नाही, पण बाजार जन्मभर केलाय. मी विचारलं, "बाई, सहाचे सहा एकदम घेतले तर लास्ट किती लावाल?"

दिनेशने टेबलाखाली माझा पाय दाबला. "आई, हे मच्छी मार्केट नाही!"

बाई आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "आजी, दुसऱ्या कंपनीचं तेच औषध येतं. बरंच स्वस्त पडेल. चालेल?"

"चालेल? पळेल!"

बाहेर आलो. स्कॅनच्या काउंटरवर लाईनीत उभे होतो. दिनेशने मला कोपराने हळूच ढोसलं. "आई... इथे पण विचार ना!"

* * *

डोस घ्यायला मोठ्या खोलीत बसवतात. ओळीने खुर्च्या, हाताला सलाईन. तिथे आमचा एक ग्रुपच झाला. त्यात परबकाका. गिरणीतले जुने, पक्के मालवणी.

आमच्या कोकणात कामाला हात घालायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. परबकाका खुर्चीत बसले की हात जोडून सुरू! "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या हातातली सुय पयल्याच झटक्यात शिरेत जावंदे रे म्हाराजा!"

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

चेडू म्हणजे पोरगी, आमची सिस्टर. ती केरळची. पहिल्या दिवशी ती चिडली, "ये हॉस्पिटल है, मंदिर नहीं!" एकदा काकांचा घसा बसला होता, म्हणून गाऱ्हाणं राहिलं. त्या दिवशी सिस्टरला माझी शीर मिळता मिळेना. इकडे टोच, तिकडे टोच.

पुढच्या वेळी काका बसले, तर ही सुई खाली ठेवून उभी. "अंकल, पहले वो बोलो. फिर मैं लगाती."

* * *

आता विगचा. माझ्या बाजूच्या खुर्चीत घाटकोपरच्या जसुबेन. त्यांच्या मुलाने त्यांना झकास विग आणून दिला होता, खऱ्या केसांचा. पण बाई अशी दिलदार, कोणाच्या घरी लग्न-साखरपुडा निघाला की म्हणायची, "लई जा ने, बेन!" म्हणजे घेऊन जा. अख्ख्या वॉर्डात एकच विग फिरायचा.

बोरिवलीला पुतणीचं लग्न होतं, तेव्हा माझा नंबर लागला. अंबाडा घातला, गजरा माळला. एक लांबची जाऊ मागून आली आणि बघतच राहिली. "अगं बाई! या वयात इतके दाट केस? कुठलं तेल लावता, सांगा ना!"

मी म्हटलं, "डॉक्टरने दिलंय गं. पण तू नको नादी लागू, फार महाग पडतं!"

वैशाली हसू दाबत हात धुवायला पळाली.

* * *

पण खरंच महाग पडत होतं. चार डोस झाले आणि दिनेशने गुपचूप एजंट बोलावला, राहती खोली विकायला. दुपारी तो एजंट दारात. घरात मी एकटी.

मी चहा दिला, खोली दाखवली. "हे बघा, इथून पाणी गळतं. नळाला पाणी येतं, पण मन मानेल तेव्हा. भिंतीला ओल आहे, हात लावून बघा. आणि वरचा भाडेकरू रोज तबला वाजवतो. शिकतोय अजून."

एजंट चहा अर्धा टाकून गेला.

संध्याकाळी दिनेश तणतणला, "आई, खोटं कशाला बोललीस?"

"खोटं एक दाखव! गळत नाही?"

तो छताकडे बघायला लागला. मग मीच म्हटलं, "खोली विकायची नाही. पोरीला घेऊन कुठे जाल? मी उरलेले डोस घेत नाही, विषय संपला."

दिनेश रडला. वैशाली मात्र रडली नाही. तिने मोबाईल घेतला.

* * *

आजारी माणसाला बघायला येताना आपल्याकडे फळं आणतात. सोसायटीतले लोक डाळिंबंच आणत होते. फ्रिजमध्ये डाळिंबं, पलंगाखाली डाळिंबं!

वैशालीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "सासूबाईंना डाळिंबं आता पुरे! कोणाला आणायचीच असतील तर तेवढे पैसे नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडे त्यांच्या नावावर ठेवावेत."

मी कपाळावर हात मारला. "लाज घालवलीस गं माझी!"

"आई, लाज नंतर आणू. आधी डोस."

तिसऱ्या दिवशी मेडिकलवाला स्वतः जिना चढून आला. "आजी, पाचव्या डोसचं औषध झालं. सहाव्याला थोडेच पैसे कमी आहेत, ते मी बघतो." मग पिशवी पुढे केली. "आणि हे घ्या. एक जण ऐकेचना, डाळिंबंच ठेवून गेला."

* * *

आता शेवटचा.

औषध घ्यायचं नाही असं मी ठरवलं, त्याच आठवड्यात माझ्या चांगल्या साड्या वाटून टाकल्या होत्या. म्हटलं, मागे भांडणं नकोत. दिनेशच्या लग्नातली हिरवी पैठणी दिली मुलुंडच्या नणंदेला, इंदूला. घेताना काय रडली! "वहिनी, मला साडी नको गं, मला तू हवीस!"

सहा डोस झाले, ऑपरेशन झालं. रिपोर्ट आला. क्लीअर! पहिला फोन इंदूला केला.

"इंदू, रिपोर्ट चांगला आला गं! मी कुठे जात नाही आता!"

पलीकडे ती हसतेय, रडतेय, देवाचं नाव घेतेय. मग एकदम आवाज खाली आणला.

"वहिनी... म्हणजे पैठणी?"

"परत आण! सत्यनारायण घालतोय, मला नेसायचीय."

पूजेच्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दार उघडलं तर इंदू. हातात पेढे, केसात गजरा, अंगावर माझी हिरवी पैठणी! काखेतल्या पिशवीत दुसरी साडी.

मला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले आणि दिनेशच्या हातात मोबाईल दिला.

"आधी माझा एक फोटो काढ रे. मग पैठणी सोडते."