जरा वाळवंटातून जाऊन येतो

आकाराम साळुंखेनं अडतीस वर्षं टपाल वाटलं आणि अडतीस वर्षं रोज संध्याकाळी तो घरी परत आला. आटपाडीच्या अंगाची पाच गावं, सात वस्त्या, मधे माणगंगेचं पात्र आणि उंच दांड्याची काळी सायकल, एवढाच त्याचा मुलूख. कुठल्या वळणावर कुठलं कुत्रं अंगावर येतं हे त्याला पाठ होतं. कुत्र्यांनाही तो पाठ होता, त्यामुळे शेवटची दहा-बारा वर्षं ती नुसती मान वर करून बघायची आणि परत झोपायची.

पण हा माणूस घरी बसून फार लांब जाऊन आलेला होता. त्या भागात दर तिसऱ्या घरातलं कोणीतरी गलाईच्या धंद्यात असतं. लांबच्या शहरातल्या सराफ बाजारात एक खोली घ्यायची, भट्टी मांडायची आणि लोकांचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. ही माणसं पत्रं पाठवायची, आणि पत्रावरचा शिक्का वाचल्याशिवाय आकाराम ते पिशवीत टाकत नसे. बिकानेर, फलोदी, पोखरण, जैसलमेर. नावं वाचून वाचून त्याला ती शेजारच्या वस्तीसारखी झाली. जत्रेला गावी आलेल्या एका गलाईवाल्याला त्यानं एकदा विचारलं, "तुमच्याकडं रस्ता कसा असतुया?" तो म्हणाला, "सरळ. पोखरणातनं निगालं की जैसलमेर येस्तवर वळायचं कामच न्हाई."

वळायचं कामच नाही! ज्याच्या नशिबी तीस किलोमीटरांत एकेचाळीस वळणं आली, त्याच्या डोक्यातून हे वाक्य कसं जावं? पत्रं थांबली, मोबाईल आले, आकाराम निवृत्त झाला, तरी ते वाक्य तिथंच राहिलं. शेवटी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यानं ठरवलं, की बिकानेरपासून पार पाकिस्तानच्या सीमेजवळच्या तनोटपर्यंत सायकलनं जायचं. एकट्यानं जायचं. माणूस रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात उभा राहिला, की त्याला एकदा तरी कुणाच्याच दारात उभं न राहण्याची इच्छा होते.

राहिला प्रश्न राहीबाईचा.

राहीबाई त्याची बायको, आणि हे प्रकरण साधं नव्हतं. आकारामनं चौतीस वर्षांत तिला न विचारता म्हैस घेतली नाही की दाढी ठेवली नाही. तो तिला भीत होता असं गाव म्हणायचं. ते खरं नव्हतं. तिनं "व्हय" म्हटलेल्या गोष्टीला त्याचा हात बिनधास्त लागायचा, एवढंच. आणि वाळूतून एकट्यानं पाचशे किलोमीटर सायकल चालवायला ती "व्हय" म्हणणार नाही, अशी त्याची खात्री होती.

मग त्यानं एक शहाणपणा केला. सहा महिने तो सरावासाठी माणगंगेच्या कोरड्या पात्रात, वाळूतून सायकल रेटत होता. आमच्याकडे नदीकाठच्या त्या वाळूला वाळवंटच म्हणतात. दिवाळी होऊन पंधरवडा झाल्यावर राहीबाई सोप्यात मटकी निवडत बसली होती, तेव्हा हा खांबाला टेकून म्हणाला,

"मी जरा वाळवंटातनं सायकलनं जाऊन येणार हाय."

राहीबाईनं मटकीतला एक खडा उचलून अंगणात फेकला. "रोजच जाताय की," ती म्हणाली.

"न्हाई, म्हंजी तुझं काय म्हणणं हाय?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "जावा."

आकारामनं तो शब्द रजिस्टर पत्रावर सही घ्यावी तसा घेतला आणि सटकला. परवानगी मिळाली होती. वाळवंट हा शब्द आपण उच्चारला होता, खोटं एक अक्षर बोललो नव्हतो, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पुढचं सोपं होतं. राहीबाईचा भाचा दादासो बिकानेरला गलाईच्या धंद्यात होता. त्याच्याकडं पंधरा दिवस राहून येतो, असं घरात सांगितलं. सायकल पोत्यात गुंडाळताना राहीबाईनं विचारलं, "ही कशाला?" तर म्हणाला, "गावात फिरायला बरी पडंल." तिनं बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लोकरीची कानटोपी पिशवीत भरली. एस्टी सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती.

"काय सांगायचं ऱ्हायलंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," आकाराम म्हणाला.

मिरजेहून रेल्वे धरून, मधे गाडी बदलून तो बिकानेरला पोहोचला. दोन दिवस दादासोकडं राहून जानेवारीतल्या एका गार सकाळी निघाला. "आत्याला कळू दिऊ नगंस," एवढं त्यानं भाच्याला बजावलं. दादासोनं मान हलवली, पण त्याच्याकडं न बघता.

पहिला दिवस झकास गेला. ऊन कोवळं, रस्ता काळा कुळकुळीत, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं आणि मधूनच शेळ्यांचा कळप. वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या असं त्याला वाटलं होतं. निघालं आपल्या माणदेशासारखंच, फक्त डोंगर काढून घेतलेलं. कोलायतला धर्मशाळेत टेकल्यावर त्यानं दिवस मावळायच्या सुमाराला घरी फोन लावला.

"कुठं हायसा?" राहीबाईनं विचारलं.

"दादासोकडं."

"जेवला?"

"जेवतोय आता."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता मात्र खोटं झालं होतं. मटकी निवडतानाचं, पोतं बांधतानाचं ते अर्धंमुर्धं होतं, हे सणसणीत होतं. धर्मशाळेतली आमटी त्या दिवशी आकारामला गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी तो फलोदीत शिरत होता. गावाच्या तोंडाशी एक तिशीतला माणूस हातात कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन उभा होता. सायकल जवळ येताच तो आडवा आला.

"आकाराममामा न्हवं तुमी? मी सिद्धू, हितं गलाईला हाय. राहीआत्याच्या माहेरचा, आमचं घर त्यांच्या घरामागं. सकाळधरनं वाट बघतुया. आत्याचा फोन आला व्हता, आज येत्याल म्हणून."

कापडात बाजरीची भाकरी होती, वर मिरचीचा ठेचा. आकारामनं सायकल रस्त्याच्या कडेला टेकवली. बिंग फुटलं होतं. सिद्धूनं पाणी दिलं, ते पिऊन त्यानं घाईघाईनं घरी फोन लावला. सुनेनं, रेश्मानं उचलला.

"मामा, आत्याबाई म्हणत्यात, कामात हाय."

"काय काम?"

पलीकडं थोडी कुजबुज झाली. "त्ये न्हाई सांगितलं," रेश्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोनवर तेच उत्तर. त्याच्या पुढच्या दिवशी पोखरणला आणखी एक गलाईवाला रस्त्यात उभा, खानापूरकडचा. त्याच्याही हातात भाकरी. राहीबाईचं माहेर केवढं पसरलंय हे आकारामला लग्नात कळलं नव्हतं, ते इथं कळलं. एकट्यानं जायचा त्याचा बेत पार धुळीला मिळाला. तो चिडलाही थोडा. अहो, एवढं वाळवंट ओलांडायला निघालेला माणूस, आणि त्याला शाळेतल्या पोरासारखा डबा! पण भाकरी तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचा. राहीबाई माणसं पाठवत होती, भाकरी पाठवत होती, फक्त बोलत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं.

पोखरणच्या पुढं तो सरळ रस्ता लागला. ज्याच्यासाठी आयुष्यभर जीव टाकला, तो. समोर एक काळी रेघ आणि तिच्या टोकाला आभाळ. वारा तोंडावर होता. तासभर पायडल मारलं तरी समोरचं चित्र हलत नव्हतं. वळणं असली की माणसाला पुढच्या वळणापर्यंतचाच विचार करावा लागतो. इथं तशी सोय नव्हती. जे डोक्यात होतं ते समोर पसरलेलं होतं, आणि आकारामच्या डोक्यात राहीबाईखेरीज काही नव्हतं. तिला फसवलं याचं वाईट वाटत होतंच. पण "तिला काय कळतंय" असं मनात धरून फसवलं, हे जास्त बोचत होतं. एका ठिकाणी ट्यूबमध्ये काटा गेला. पंक्चर काढता काढता तो चाकाला उद्देशून मोठ्यानं म्हणाला, "चुकलं माझं." ऐकायला एक उंट होता.

मधे एका ढाब्यावर मुक्काम करून तो जैसलमेरला पोहोचला. तिथं लालासाहेब होते, पंचाहत्तरीचे, चाळीस वर्षं तिथं भट्टी लावून बसलेले. यांनी घरी पाठवलेली पत्रं आकारामनं स्वतः त्यांच्या आईच्या हातात दिली होती. त्यांनी त्याला गादीवर बसवलं, चहा दिला आणि हसत म्हणाले,

"राही लय पक्की बघा. दसऱ्याला मला फोन. म्हणाली, अण्णा, आमचं माणूस सायकलवरनं तुमचं वाळवंट ओलांडणार हाय. पाणी कुठं मिळतंय, वस्ती कुठं हाय, सगळं सांगा. मी सांगत गेलो, तिनं वहीत लिवून घेतलं."

आकारामनं कपबशी खाली ठेवली. "कवा म्हणाला?"

"दसऱ्याला. सोनं वाटायच्या दिवशीच की."

त्यानं विचारलं होतं दिवाळीनंतर. म्हणजे खांबाला टेकून त्यानं तो चलाख शब्द उच्चारला, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. जिच्या माहेरची निम्मी माणसं वाळवंटात राहतात, तिला वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू एवढंच माहीत असेल, असं त्याला वाटावं! इतका शहाणा टपालवाला सगळ्या आटपाडी तालुक्यात दुसरा नसेल.

पुढचा मुक्काम रामगढ. त्यापुढं तनोट, पंचावन्न किलोमीटर, मधे सांगण्यासारखं गाव नाही. सकाळी निघण्याआधी आकाराम रामगढच्या चहाच्या टपरीवर बसला आणि त्यानं फोन लावला. रेश्मानंच उचलला.

"मामा, आत्याबाई—"

"कामात हाय, ठावं हाय मला. तिला सांग, मी खोटं बोललो, ते सांगायला फोन केलाय."

बराच वेळ नुसता घरातला आवाज ऐकू येत राहिला. कुठंतरी भांडं ठेवल्याचा, म्हैस ओरडल्याचा. मग राहीबाईचा आवाज आला.

"सांगा."

आकारामनं सांगितलं. मटकीच्या वेळचं सांगितलं, पोत्यातल्या सायकलचं सांगितलं, कोलायतच्या फोनचं सांगितलं. तुला कळणार न्हाई असं वाटलं, हेही सांगितलं. ते सांगताना त्यानं मान खाली घातली, जसं काही ती समोर बसली होती.

"सा म्हयनं नदीत सायकल ढकलत व्हता, रातीला झोपंत पोखरण-जैसलमेर बरळत व्हता," राहीबाई म्हणाली. "मला काय वाटलं असंल, वांगी लावताय?"

आकारामनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तीनदा वाट बघितली. मटकी निवडताना तुमच्या तोंडाकडं बघत बसले. पोतं बांधताना इचारलं. एस्टीच्या खिडकीखाली उभं ऱ्हाऊन इचारलं, काय सांगायचं ऱ्हायलंय का. तुमी न्हाई म्हणाला." तिचा आवाज जरा हलला. "वाळवंटाचं मला काय सुदीक वाटलं न्हाई. चौतीस वर्सांनी तुमाला मला चुकवून जावंसं वाटलं, त्याचं वाटलं."

"चुकलं माझं, राही."

"व्हय. चुकलं."

टपरीवाल्यानं दुसरा चहा पुढं ठेवला. आकारामनं तो तसाच बाजूला सरकवला.

"अजून एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला भ्या वाटतंय. पुढं पंचावन्न किलोमीटर काय सुदीक न्हाई. फोन बी लागत न्हाई म्हणत्यात. गुडघा दुखतुया. तू म्हणशील तर हितनंच माघारी येतो. जाऊ का नगं, सांग."

हे मात्र त्यानं आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पुरातून टपाल नेलं तेव्हाही नव्हतं.

पलीकडं राहीबाईनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"आता इचारलंत व्हय," ती म्हणाली. "जावा."

"जाऊ?"

"जावा म्हणते न्हवं! आन् हे बघा, लालासाहेबअण्णांनी आज तुमच्या मागनं जीप लावली हाय. मीच सांगितलं व्हतं, लांबनं लक्ष ठिवा म्हणून. आता त्यांना फोन करते, की नगं, माघारी बोलवा. एकट्यालाच जायचं व्हतं न्हवं तुमाला?"

आकारामनं रस्त्याकडं पाहिलं. खरंच, वळणावरच्या पेट्रोल पंपापाशी एक मळकी जीप उभी होती. ड्रायव्हर बॉनेटला टेकून उन्हाला उभा होता.

"फोन लागला न्हाई तर काळजी करशील," तो म्हणाला.

"करीन. तुमी तुमचं चालवा."

फोन ठेवून आकारामनं चहा संपवला. हवा बघितली, ब्रेक बघितला, गुडघ्याला फडकं आवळून बांधलं. तेवढ्यात ड्रायव्हरचा मोबाईल वाजला. तो दोन-तीनदा "हां जी, हां जी" म्हणाला, आकारामकडं बघून त्यानं हात वर केला, जीप वळवली आणि तो जैसलमेरच्या दिशेनं निघून गेला.

मग रस्त्यावर कोणी उरलं नाही. आकारामनं डोळे पुसले, सायकलवर टांग टाकली आणि तो तनोटकडं निघाला.