आईची एकुलती एक कॅसेट

नव्वदच्या दशकात आईच्या भावगीतांची एक कॅसेट निघाली होती. ती खपली नाही आणि आईने गाणंच सोडलं. घरात तो विषय कुणी काढत नसे.

परवा जुन्या बाजारात मला ती कॅसेट सापडली. आईला न सांगता मी ती लावली. स्वयंपाकघरात मेथी निवडणारे तिचे हात थांबले. फारसं कुणी ऐकलंच नाही, ते गाणं जुनं तरी कसं होणार?

ती दारात आली. "बंद कर."

मी बटणाकडे हात नेला.

"थांब. दुसरं कडवं होऊ दे. इतकी वर्षं मला वाटतंय, तिथे माझा सूर ढळलाय."

आम्ही उभ्यानेच ऐकलं. कडवं संपलं.

"नाही गं ढळला," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.