पापडवालीवरचा आळ

ती घटना आठवली की माझा हात अजून छातीवरची शिट्टी शोधतो. पन्नासच्या आसपासचं साल असेल. मी अंबरनाथच्या चौकीवर नवा फौजदार होतो.

एका सकाळी खबर आली, शिवमंदिराजवळच्या आळीत लोकांनी एका बाईला कोंडलंय. धावलोच. बाई सिंधी, फाळणीत सगळं गमावून कॅम्पातल्या बराकीत आलेली, दारोदार पापड विकणारी. तिने आळीतल्या एका तान्ह्या बाळाला पापडाचा तुकडा चाटवला आणि थोड्या वेळाने बाळाला झटके आले. आठवड्यापूर्वीही असंच झालं होतं.

"माज्या नातवाला इख चारलं हिनं!" बाळाची आजी ओरडत होती. जमाव तापलेला. गुन्हा दाखल झाला असता तर या बाईला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

सगळ्यांना चौकीवर आणलं, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. बाळ एव्हाना आईच्या कडेवर खिदळत होतं. बाईचा जबाब घेतला.

"साहब, मेरा भी पोता था, इतना ही. रास्ते में चला गया. इसको देखती हूँ तो जी भर आता है." तिने टोपलीतला पापड मोडून खाल्ला. मीही एक तुकडा तोंडात टाकला.

"साहेब, मुद्देमाल आहे तो!" हवालदार कळवळला. मुद्देमाल झकास होता, बरं का.

तेवढ्यात बाळाने माझी शिट्टी ओढून तोंडात घातली. मी सोडवून घेतली तर पठ्ठ्याने भोकाड पसरलं, मग स्वतःच्या गळ्यातली पुरचुंडी धरली आणि चोखत शांत झाला. मी ती हिसकावून हुंगली. कापूर! कापड चघळून फाटलेलं, आतला खडा झिजलेला.

"आजी, ही कधी बांधली?"

"पडसं झालं तवा. आन्..." आजी थबकली. "झटकं त्याच्या मागनंच आलं, साहेब."

डॉक्टर आले. "तान्ह्यांना झटके तापाने येतात, साखर उतरल्याने येतात, तसेच पोटात कापूर गेल्यानेही. थोडासाही पुरतो," म्हणाले आणि बाळाला दवाखान्यात घेऊन गेले. त्यानंतर झटके आले नाहीत.

आजीने रडत बाईचे हात धरले. बाई म्हणाली, "माई, रोने से मेरे पापड बिकेंगे क्या?" सगळी चौकी हसली.

संशय आधी परक्यावरच जातो, हे मी तिथे शिकलो. पुढे नोकरीभर परक्याच्या झडतीआधी घरातली माया काय काय करून बसली आहे ते पाहत आलो.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मलाही बोलावणं होतं. औक्षणाला आजीने नातवाला उचललं आणि सरळ त्या पापडवालीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "घे बाय," म्हणाली, "तुजाबी नातू हाय."