पऱ्हाटीतला अभ्यास

सहामाहीच्या इतिहासाच्या पेपरात माझी लेखणी थबकली, ती पुन्हा चाललीच नाही. पानिपतच्या धड्याला येणारा घासलेटचा वास मला आठवत होता. पानाच्या कोपऱ्यावरचा तेलाचा डागही दिसत होता. पराभवाची कारणे तेवढी दिसत नव्हती. तो धडा मी डोलत डोलत इतक्या वेळा वाचला होता की तो मला येतो, याविषयी शंकाच नव्हती.

गुण पाहून वडील एवढेच म्हणाले, "मार्चात मॅट्रिक पास झाली त यवतमाळले शिकायले धाडीन. नाई त वणीचं स्थळ पक्कं." राळेगावकडच्या आमच्या गावात मुलीला दुसऱ्यांदा परीक्षेला बसवण्याची रीत नव्हती. माझ्या हाती एकच हिवाळा होता.

आणि हिवाळा म्हणजे कापूस. शेतात वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, दहीभाताचा नैवेद्य पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, मुळाशी ठेवला, आणि सुट्टीच्या दिवशी मीही वेचलेल्या कापसासाठी कमरेला ओटी बांधून मायसोबत पऱ्हाटीच्या ओळीत, तासात उतरले. पदराआड पुस्तक होते. दोन बोंडे वेचायची, एक ओळ वाचायची.

शेजारच्या तासातली काकू हसली, "काय वो बाई, कापूस वेचून राह्यली का अक्षरं?"

"ठेव ते पुस्तक धुऱ्यावर," माय शेताच्या बांधाकडे बोट दाखवत म्हणाली. "अन् मले सांग, काय वाचलं त."

"पानिपतात मराठे हरले."

"काहून?"

मी पदराआडचे पुस्तक चाचपू लागले.

"मंग इतके दिवस बडबडत काय होती वो तू?"

काकूचे हसू पऱ्हाटीवरून सळसळत गेले. मायने कधी अक्षर गिरवले नव्हते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि तेच मला अधिक लागले. रागाने मी समोरची अर्धवट उमललेली बोंडे ओरबाडली. ओलसर, चिकट कापूस बोटांना लगटला.

मायने हात धरला. "कच्चं हाय ते. असं ओढलं त चांगला कापूसबी नासते. राहू दे. पुढच्या वेच्याले येऊ, तवा आपसूक उमललेलं राहीन."

कापूस एका दमात निघत नाही. पहिला वेचा, मग काही दिवसांची उसंत, मग त्याच तासांतून दुसरा, तिसरा. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्या दिवशी ते बोटांना कळले.

जुनी घोकंपट्टी मी मोडून टाकली. पुस्तक धुऱ्यावर मिटलेले. तासाच्या तोंडाशी एक प्रश्न घ्यायचा आणि टोकापर्यंत त्याचे उत्तर मोठ्याने सांगत जायचे. जिथे अडखळले, तेवढेच पान धुऱ्यावर पोचल्यावर उघडायचे. मग तो धडा सोडून दुसरा. पुढच्या वेच्याला पुन्हा पहिला. विसरलेले आठवताना होणारा त्रास वाळल्या बोंडांच्या टोकांसारखा रुते, पण असे वेचून आणलेले सहसा हरवत नसे. मायचे "काहून?" थांबले नाही. तिला समजावताना मलाच समजत गेले. मराठ्यांची रसद तुटल्याचे सांगितले, तेव्हा काकू चटकन म्हणाली, "पोटात भाकर नाई त लढतीन कायच्या भरोशावर?" तो मुद्दा मग कधी निसटला नाही.

पुष्कळ वर्षांनी वाचले, की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणे, आणि मध्ये दिवस जाऊ देऊन परत आठवणे अधिक टिकते, असे अभ्यासकांनी तपासून पाहिले आहे. वाचताना पऱ्हाटीचा उन्हात तापलेला वास आला.

पेपराच्या आदल्या सांजेला मायने कंदील लावूच दिला नाही. "वेचा झाला आता. नीज."

सकाळी प्रश्नपत्रिकेत पानिपत होते. क्षणभर पुन्हा सारे कोरे. मी डोळे मिटले, पांढरा तास समोर उभा राहिला, आणि शेजारून कोणीतरी विचारले, "काहून?"

मी लिहू लागले. घंटा झाली तेव्हा उत्तर पुरे होते.

निकाल लागला आणि वडिलांनी वणीला नकार कळवला. यवतमाळच्या एसटीत मी बसले, तेव्हा काकूने खिडकीशी येऊन छेडले, "आता तिथं कोणाले सांगत बसशीन वो?"

"भिंतीले सांगीन," मी म्हणाले.

माय हसली नाही. "पुरं सांगजो," ती म्हणाली, "अर्धं नोको ठेवू."