स्पीकरवरची आत्या

मानकोलीच्या बाजूची आमची शेतं गोदामांना गेली, त्यानंतर आमच्या घरात माणसांपेक्षा मोबाइल जास्त झाले. धाकट्या दिराकडे एकट्याकडे तीन होते. एक ट्रकवाल्यांसाठी, एक व्यापाऱ्यांसाठी आणि एक नुसता टेबलावर ठेवायला, आल्यागेल्याने बघावा म्हणून. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि वरून खाली फोन करून विचारायचा, "वहिनी, चहा झाला का?" आमचा जिना म्हणजे काही गड नव्हता. मी फोन ठेवून जिन्याच्या तोंडाशी जायची आणि ओरडायची, "झालाय, खाली ये!"

"ओरडता कशाला वहिनी? फोनवर सांगायचं ना."

मी लग्न होऊन आले तेव्हा हा हाफ पँट घालून शाळेत जात होता, त्यामुळे त्याला मी अरेतुरेच करते आणि त्याच्या फोनचा मला कधी धाक वाटला नाही.

पाहुणे यायचे ते चपला काढण्याआधी चार्जर कुठे लावू विचारायचे. भिवंडीत तेव्हा वीज तासन् तास जायची. नारपोलीकडचे कापडाचे लूम बंद पडले की एरवी न ऐकू येणारे कावळेसुद्धा ऐकू यायचे. अशा शांततेत माणसांनी एकमेकांशी चार शब्द बोलायला काही हरकत नव्हती. पण एका खोलीत बसून सगळे आपापला बंद फोन उलटासुलटा करायचे, आणि बोलणं काय, तर लाइट कधी येणार.

माझी मोठी नणंद अकलोलीला दिलेली. सासूबाई शेतावर राबायच्या तेव्हा या धाकट्या भावाला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं. तिचे यजमान वारले, त्यांच्या तेराव्याला दिराने आपला जुना हँडसेट तिच्या हातात ठेवला आणि भरल्या मांडवात म्हणाला, "ताई, आता तू एकटी नाहीस. बटण दाबलं की मी हजर." बायकांनी डोळ्याला पदर लावले. मी लावला नाही. जुना हँडसेट देणाऱ्याने नवा घेतलेला असतो, एवढं मला माहीत होतं.

झालं असं, की तो हँडसेट तिच्याकडे गेल्यापासून आमच्या घरातलं माणूस अकलोलीला जायचं बंद झालं. आधी कुणी ना कुणी गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळीच्या निमित्ताने जायचं, तिच्याकडे जेवायचं, संध्याकाळी परत यायचं. आता सगळ्यांचं एकच, "फोन झाला ना." काय बोलणं झालं विचारलं तर म्हणायचे, "ठीक आहे म्हणाली." फोनवर सगळे ठीकच असतात. सुजलेले डोळे आणि विझलेली चूल बघायला उंबऱ्यात जावं लागतं.

वर्ष व्हायच्या आतच दिराला मुलगा झाला. जाऊ बाळंतपण उरकून माहेराहून आली, सोबत तिची आई आली, आणि बारसं आमच्याकडे ठरलं. बारशाला नाव आत्याने ठेवायचं. ती पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि त्याच क्षणी बाकीच्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. शिवाय लेक माहेरी कार्याला आपणहून येत नाही, तिला आणायला घरचं माणूस मुराळी म्हणून जातं. हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी मी दिराला विचारलं, "ताईंना आणायला कोण चाललंय?"

"फोन केलाय मी."

"फोन काय त्यांना गाडीत बसवून आणणार आहे?"

"वहिनी, रस्ता किती खराब आहे! तिला कशाला त्रास? ती फोनवरून नाव सांगेल. मी स्पीकर लावतो. सगळ्यांना ऐकू येईल."

माझे यजमान शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र कालचं होतं, पण त्यांनी मान वर केली नाही.

रस्त्याचं कारण मला पटलं नव्हतं. खरं कारण मला दुसऱ्या दिवशी सकाळी घुगऱ्या शिजत असताना कळलं. जावेची आई हरभऱ्यात पळी फिरवत हळूच म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या. पहिलंच मूल आहे. वर्ष नाही झालं त्यांचे यजमान जाऊन. पाळण्यावर त्यांनी वाकायचं म्हणजे... जावईबापूंनी छान मार्ग काढला. कुणाचं मन पण दुखावलं नाही."

म्हणजे नाव आत्याकडून घ्यायचं आणि तिची सावली मात्र पाळण्यावर पडू द्यायची नाही.

त्या वर्षांत जो तो म्हणायचा, फोनने माणसं जवळ आली. मला दिसलं ते एवढंच की भित्र्यांची सोय झाली. पूर्वी बहिणीला टाळायचं, तर तिच्या दारात जाऊन, तिने दिलेलं पाणी पिऊन, तिच्या तोंडाकडे बघत टाळावं लागायचं. दहातल्या नऊ जणांचा धीर पाण्याच्या तांब्यापाशीच संपायचा आणि तोंडातून "चल" निघून जायचं. आता बटण दाबलं की झालं.

मी दिराला तसं तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "जमाना बदललाय वहिनी." त्याचा जमाना बदलला होता आणि सुतक जुनंच होतं.

दुपारी बायका जमल्या. पाळणा सजवला. दिराने टेबलावरचा भारी मोबाइल बाळाच्या उशीशी ठेवला, नंबर लावला, स्पीकर चालू केला. नारपोलीची चुलत सासू तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "आरं, पोराची आत्या डबीत बसली. मंग आमी गुद्दे कोनाला घालू? तुला का?"

खोली हसली. दीरही हसला. "काकी, मोबाइलला हळूच टपली मारा. भारीतला आहे."

तेवढ्यात नणंदेचा आवाज आला. "हॅलो. पालन्यापाशी कोन कोन हाय?"

"सगळे आहेत ताई. तू नाव सांग."

"आई हाय?"

"आहे."

"मंग सगल्यांच्या देखत सांग. मना आनायला कोन का न्हाय आला?"

"अगं, रस्ता..."

"त्याच रस्त्यान मी बाजाराला जाते. रस्त्याचं नको सांगू. माजा नवरा गेला म्हनून तुज्या पोराला दोष लागतो का, तेवढंच तोंडान सांग. मंग ठेवते नाव."

स्पीकर खरोखरच चांगला होता. एक शब्द वाया गेला नाही. दिराने वाकून मोबाइल उचलला, लाल बटण दाबलं आणि म्हणाला, "रेंज गेली."

त्याचा अंगठा सगळ्यांनी पाहिला होता.

जावेची आई लगबगीने पुढे झाली. "राहू दे, राहू दे. वेळ टळायला नको. माझ्या जावेची सून ठेवेल नाव. सवाष्ण आहे."

सासूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. गुडघ्यावर हात देत त्या उठल्या, पाळण्यापाशी गेल्या.

"विहीणबाई, बिननवऱ्याची तर मी पन हाय. रोज या पोराला न्हाऊ मीच घालते. मंग मना कुठं पाठवता? मोबाइलमदी?"

"तसं नाही हो, तुम्ही आजी..."

"माजी लेक येईल तवर पालना हलायचा न्हाय." त्यांनी बाळ उचललं आणि मांडीवर घेऊन बसल्या.

मी पर्स घेतली. दिराला म्हटलं, "गाडी काढ."

"आत्ता? पाहुणे आहेत वहिनी."

"पाहुणे घुगऱ्या खातील. काढ गाडी."

रस्ता काही फार खराब नव्हता. वाटभर तो फोनवर कुणाच्या तरी ट्रकवर ओरडत होता. मालाला उशीर झाला तर याचा जीव जायचा. अकलोलीत नणंदेच्या घराच्या वळणावर त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी गाडी लावून येतो." गाडी लागलेली होती.

नणंद ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही.

"ये वहिनी. कोनी पाठवला?"

"आईंनी."

"आनि तो?"

"वळणावर आहे, गाडीत."

तेवढ्यात फळीवरचा हँडसेट वाजायला लागला. लग्नाच्या वरातीत वाजवतात तसली कसलीशी धून. तिने मान वळवून एकदा पाहिलं आणि खडा काढून अंगणात टाकला. फोन थांबला, पुन्हा वाजला. वळणावरच्या गाडीतून समोरच्या ओटीवर माणूस फोन करत होता. हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं.

मी विचारलं, "उचलत नाही का वन्सं?"

"दार उगडा हाय," ती म्हणाली.

आणखी दोनदा वाजला. मग दीर आला. फोन हातातच होता.

"ताई, फोन का उचलत नाहीस?"

"चपला काड. बस. आता बोल."

तो बसला. "हिची आई म्हणाली की..."

"हिची आई माजी कोन लागत न्हाय. तुजा सांग."

त्याने भिंतीकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, सवयीने हातातल्या फोनकडेही बघितलं. तिथे काही लिहून आलेलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "मला भीती वाटली. पोराला काही झालं तर."

"माज्यानं?"

"न्हाय," तो म्हणाला. शहरात ऊठबस सुरू झाल्यापासून असलं गावचं बोलणं त्याने सोडलं होतं. "न्हाय ताई. चुकला माजा."

मला त्याची दया आली नाही. इतकं साधं वाक्य बोलायला याला बापाच्या जमिनीचे पैसे, तीन मोबाइल आणि आईचा सत्याग्रह लागला. नणंदेने मात्र सूप बाजूला ठेवलं.

"लई वाईट बोललास. पन तोंडान बोललास." ती आत जाऊन लुगडं बदलून आली आणि गाडीत पुढच्या सीटवर बसली. मी मागे बसले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. अर्ध्या बायका निघून गेल्या होत्या, पण काकी ठाण मांडून होती. नणंद पाळण्यापाशी गेली तेव्हा जावेने सरकून जागा केली. तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. नाव ठेवलं गेलं. मुलगा आता मोठा आहे, धडधाकट आहे, अभ्यासात यथातथा आहे. तो दोष आत्याचा नाही.

दीर सुधारला असं मात्र मी म्हणणार नाही. त्याने पुढे आणखी महाग हँडसेट घेतला. अकलोलीला मात्र त्याला जावं लागतं. नणंद त्याचा फोन उचलते, आवाज ऐकते, "येऊन सांग" म्हणते आणि ठेवून देते. मग वाढदिवस असो, पूजा असो, नाहीतर तिच्याच दुखण्याची चौकशी असो. दीर सगळ्यांना सांगत फिरतो की ताई फार हट्टी आहे, तिच्यापायी माझा अख्खा दिवस फुकट जातो.