ओल्या पोत्याखालची माती

मंगळवारी दुपारी दिवाकर सर गेले. मी आर्वीच्या बसस्थानकावर वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत होते. फोन त्यांच्या पत्नीचा, शांतावहिनींचा होता. "ताई, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. गाडी लागली, भरली, निघून गेली. मी बाकावर बसून राहिले, मग उठून त्यांच्या घराकडे चालू लागले.

आमच्या शाळेत सर इतिहास शिकवायचे, मी मराठी. जगातल्या पहिल्यावहिल्या संस्कृती पाठ्यपुस्तकात थोडक्या पानांत उरकलेल्या असतात. मुलं नद्यांची नावं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. सरांना ते पटत नसे. दर हिवाळ्यात मैदानाच्या कडेला ते मुलांकडून मातीची चार नगरं बांधून घेत: एक इजिप्तचं, एक मेसोपोटेमियातल्या सुमेरचं, एक सिंधूकाठचं आणि एक चीनचं. नुसतं बांधून भागत नसे, नगर चालवून दाखवावं लागे. धान्य कुठे साठवता, ते कोण वाटतं, भांडण झालं तर कोणाकडे जाता... इजिप्तवाली मुलं पिरॅमिडला टोक काढण्यात गुंग असत, तेव्हा सर त्यांच्याशेजारी उकिडवे बसून विचारत, की हे बांधणाऱ्यांच्या भाकरी कोणी थापल्या? मग मुलं धावपळ करून पायथ्याशी चुली मांडत. सुमेरवाल्यांचं कोठार देवळाच्या आवारात असे, त्यामुळे त्यांचं उत्तर तयार असे. चीनचा राजा हाडं तापवून, त्यांना गेलेले तडे पाहून वाडवडिलांचा कौल घेई. तो गट सगळ्यांत लोकप्रिय होता. सिंधूकाठच्या गटाला मात्र सरांचा एकच ठरलेला प्रश्न असे: "नाली कोन साफ करते?"

एका वर्षी त्या गटाने सरळ रस्ते काढले, झाकलेल्या नाल्या काढल्या, स्नानकुंड केलं आणि नगराच्या मधोमध उंच जोत्यावर एक दुमजली घर उभं केलं. सरांनी विचारलं, हे कोणाचं? गटातली एक मुलगी म्हणाली, नगराध्यक्षाचा बंगला. बाकीची मुलं हसली, पण ती हटली नाही. "सर, डोक्यावर कोनी असल्याबिगर लोकं इतक्या नाल्या कायले बांधतीन?"

सर त्या घरापाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "मले नाई मालूम." राजवाडा म्हणता येईल असं तिथे खात्रीने काही सापडलेलं नाही आणि त्या लोकांची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितलं. बंगल्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनेच तो काढला, पण जोतं तसंच ठेवलं. त्यानंतर दरवर्षी सिंधूच्या नगरात एक मोकळं जोतं असायचं. मी एकदा त्यांना म्हटलं, पालक प्रदर्शन पाहायला येतात, त्यांना वाटेल की काम अर्धवट राहिलं. सर म्हणाले, "बाई, जे मालूम नाई, त्यालेबी जागा लागते."

प्रदर्शन झालं की नगरं मोडायची. कुंभाराकडून आणलेली ती माती सर कधी भाजू देत नसत. भाजली की ती वीट झाली, मग तिचं दुसरं काही होत नाही, असं ते म्हणत. मोडलेली नगरं त्यांच्या घरच्या वऱ्हांड्यात, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये भिजत पडत. वर पोतं. पोत्यावर रोज संध्याकाळी पाणी घालायचं काम वहिनींचं. सर निवृत्त झाले तरी शाळा त्यांना हिवाळ्यात बोलवत राहिली, आणि पोतं ओलं राहिलं. एकदा चहा घेताना सर सांगत होते, की सुमेरमध्ये मेलेल्या माणसांना तहान लागते असं मानत, आणि त्यांच्यासाठी पाणी ओतणं हे घरच्यांचं काम असे. वहिनी आतून म्हणाल्या, "म्हंजे मेल्यावरबी पानी मीच देऊ काय तुमाले?" सरांना इतकं हसू आलं, की चहा बशीत सांडला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, फारसं बोलवत नव्हतं. उन्हाळा चढला होता. मी बराच वेळ शाळेचं काहीबाही सांगत होते. मध्येच त्यांनी वहिनींकडे पाहून विचारलं, "पोतं?" वहिनी म्हणाल्या, "ओलं हाय." त्यांनी डोळे मिटले.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. खुर्च्या मांडायला कोणीतरी ड्रम वऱ्हांड्यातून अंगणात, उन्हात सरकवला. सगळं उरकल्यावर मी पोतं उचललं तर ते वाळून पापडासारखं झालं होतं, आणि खाली माती दगडासारखी, मधोमध भेगाळलेली. आपल्याकडचं ऊन... मला वाटलं, संपलं. वहिनींना मुलगा पुण्याला नेणार होता. घराचं काय करायचं ते त्यांनी त्याच्यावरच सोडलं होतं. ड्रमपाशी येऊन मात्र म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही घेऊन जा."

मी म्हटलं, वहिनी, मी कविता शिकवणारी बाई, मला यातलं काय येतं?

"मले तरी काय येत होतं? पानी घालत गेली." मग वाकून त्यांनी भेगेत बोट घातलं. "भाजली नाई ना. भाजली असती त मीच म्हटलं असतं, फेका."

आम्ही दोघींनी वरवंट्याने ढेकळं फोडली. वहिनींनी वरून तांब्याने पाणी ओतलं. वाळलेली माती पाणी घेताना बारीक आवाज करते, बुडबुडे येतात. वहिनी कान देऊन ऐकत होत्या. "पिऊन राह्यली पाहा," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच रडल्या.

वहिनी पुण्याला गेल्या. येत्या हिवाळ्यात नगरं बांधायची, असं मी शाळेत सांगून आले आहे. सरांची पुस्तकं हळूहळू वाचते आहे, पुष्कळसं अजून कळत नाही. ड्रम माझ्या न्हाणीच्या भिंतीलगत, सावलीत आहे. वहिनींचा फोन येतो तेव्हा त्या आधी त्याचंच विचारतात. संध्याकाळी मी पोत्यावर पाणी घालते. माती मऊ आहे.