छपराचा पूल

दुबईत छप्पर असलेला पूल नाही. तेव्हाही नव्हता. आणि हे मला पत्र लिहितानासुद्धा पक्कं माहीत होतं.

एकोणीसशे त्रेसष्ट-चौसष्टची गोष्ट. मी दुबईच्या देरा भागात एका गोदामात कारकून होतो. आमच्या कोकणातल्या गावी दुबईहून आलेलं पत्र घरात वाचायची पद्धत नव्हती. जुम्म्याची नमाज झाली की मशिदीच्या ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचलं जाई आणि अख्खा मोहल्ला कान देऊन ऐके. अशा पत्रात ‘मी गोणी मोजतो आणि रात्री खाटेवर ढेकूण मारतो’ असं कोण लिहील? माझा खोलीतला सोबती कासम तर लिहायचा की त्याच्या डोक्यावर दिवसभर विजेचा पंखा फिरतो. (पंखा होता. मालकाच्या डोक्यावर!)

मला मात्र काही सुचेना. गोदामाच्या भिंतीवर कुठल्याशा थंड मुलखाचं कॅलेंडर होतं. त्यात नदी, नदीवर लाकडी पूल आणि पुलावर चक्क घरासारखं छप्पर. मी लिहून टाकलं, ‘दर शुक्रवारी आम्ही मित्र सायकलीने सहलीला जातो. वाटेत शेकडो वर्षांपूर्वीचे लाकडी पूल लागतात. सर्वांवर छप्पर आहे, त्यामुळे ऊन लागत नाही.’

महिन्याभरात उत्तर आलं. ‘गलबतावर सुतार म्हणून येतोय. पूल दाखव. तुझा बावा.’

आमचे बावा, म्हणजे वडील, गलबतं बांधणारे सुतार. गावच्या ओढ्यावरचा साकव दरवर्षी पावसाळा सरला की तेच घालायचे आणि पुढच्या पावसात तो कुजायचा. आदल्या वर्षी माझ्या बहिणीचा पाय कुजक्या फळीतून आरपार गेला होता, ती अजून लंगडत होती. माझं पत्र ऐकून बावा ओट्यावरच उठून उभे राहिले म्हणे. ‘छप्पर असलं तर फळ्या भिजणार नाहीत, भिजल्या नाहीत तर कुजणार नाहीत. माझा पोर दर शुक्रवारी बघतो. मी जाऊन माप आणतो आणि असाच साकव बांधतो!’ सगळ्या गावासमोर शब्द देऊन माणूस गलबतात चढला होता.

हे सगळं त्यांनी मला धक्क्यावर उतरल्या उतरल्या सांगितलं. खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, “शुक्रवारी जाऊ, बावा.”

खोलीवर खलबत झालं. आमचा तिसरा सोबती मॅथ्यू, केरळचा. तो म्हणाला, “टेन्शन नहीं. बाबा को इतना घुमाएगा, इतना घुमाएगा, बाबा खुद बोलेगा खलास, घर चलो.”

शुक्रवारी सकाळी तीन सायकली निघाल्या. माझ्या कॅरिअरवर बावा, त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत घडीची फूटपट्टी, ओळंबा आणि वही. वाळूत चाक रुतलं की आम्ही दोघे आडवे. चौथ्यांदा पडल्यावर बावा म्हणाले, “दर शुक्रवारी असाच येतोस?”

“हो.”

“मग अजून चालवायला कसा शिकला नाहीस?”

कासम खोकल्याचं निमित्त करून पुढे पळाला. दोन तास आम्ही त्यांना उन्हातून फिरवलं. बावा काही थकेनात. थकलो आम्ही! शेवटी खाडीवरच्या नव्या पुलाशी आलो. नवाकोरा पूल, वर नुसतं आभाळ.

“छप्पर?” बावांनी विचारलं.

“दुरुस्तीला काढलंय,” मी म्हणालो.

बावांनी कठड्याला हात लावला. “हा लाकडी आहे?”

“नाही... हा त्यातला नाही. जुना पुढे आहे.”

“मग याचं छप्पर कुणी काढलं?”

“यल्ला, यल्ला! देर होता है,” मॅथ्यू ओरडला आणि आम्ही पुन्हा सायकलींवर बसलो. तेवढ्यात माझ्या मागच्या चाकाने राम म्हटला. पंक्चर! बावा उतरले आणि एका शब्दाची कुरकुर न करता, भर उन्हात सायकल ढकलत चालू लागले. साठीचा माणूस. मी शेजारून रिकाम्या हातांनी चालत होतो, आणि तरी माझ्या तोंडून खरं निघेना.

आता एकच छप्पर उरलं होतं. खाडीकाठचा जुना बाजार. अरुंद बोळ, दोन्हीकडे कापडाची दुकानं, वर आडवे वासे आणि वाशांवर खजुराच्या चटया. मी छातीठोकपणे म्हणालो, “हा बघा!”

बावांनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. “पुलावर वाळू?”

“वाऱ्याने येते.”

“आणि पाणी?”

“ओहोटी आहे ना, बावा!”

ज्याचं सगळं आयुष्य खाऱ्या पाण्याच्या काठी गेलं त्याला मी ओहोटी सांगत होतो! ते शांतपणे म्हणाले, “आत्ता धक्क्याच्या पायऱ्या बुडलेल्या बघितल्या मी. भरती आहे.”

मॅथ्यू मदतीला धावला. “बाबा, पानी नीचे से जाता है. बहुत नीचे से.”

बावा जवळच्या कापडवाल्याकडे गेले. “भाईसाब, ये पुल कितना पुराना है?”

“कौन सा पुल?” कापडवाला गोंधळला. “ये तो बाजार है, चाचा.”

मी मान खाली घातली. आता थोबाडीत बसेल, मग शिव्या, मग गावात बोभाटा. कासम आणि मॅथ्यू एकाएकी कापडाचे भाव विचारू लागले. पण बावांनी पिशवीतून फूटपट्टी काढली आणि मला म्हणाले, “इथे खांबाला टेकून उभा राहा.”

“कशाला?”

“गावात सगळ्यात उंच तू. तू मावलास की गाव मावला.”

मी तसाच उभा राहिलो. मान वर करायची हिंमतच नव्हती. त्यांनी माझं माप घेतलं, वाशांची अंतरं मोजली, चटईची वीण टाचा उंचावून पाहिली आणि सगळं वहीत उतरवलं. मग वही मिटून म्हणाले, “बाजाराचं असो नाहीतर पुलाचं, पाऊस वरूनच पडतो.”

एवढंच. गलबत सुटेपर्यंत चार दिवस ते माझ्या खोलीत राहिले, माझी खाट ठोकून सरळ करून दिली, पण त्या शुक्रवारचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. धक्क्यावर निरोप देताना ‘माफ करा, बावा’ हे शब्द ओठांवर आले होते. मी म्हणालो, “पोचल्यावर पत्र टाका.”

पत्र आलं. साकव झाला होता. वर छप्पर, खाली कोरड्या फळ्या. ‘लोक त्याला दुबईचा पूल म्हणतात,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘मीही तसंच सांगितलंय.’ माझी थाप त्यांनी गावासमोर स्वतःच्या हातांनी खरी करून दिली होती. पुढच्या सुट्टीत जाऊन पायांवर डोकं ठेवीन म्हणत राहिलो. सुट्टी मिळायला तीन वर्षं लागली. तोवर बावा नव्हते.

गावी पोचलो तो थेट साकवावर गेलो. मोहल्ल्यातले दहा-वीस जण बरोबर होते. बहीण लंगडत पुढे चालली होती, फळ्या वाजतसुद्धा नव्हत्या. माझे डोळे भरून आले. मी पाऊल टाकलं आणि कपाळ थाडकन पहिल्या तुळईवर आपटलं! माझ्या उंचीला बरोबर चार बोटं कमी. शरमेने खाली घातलेल्या मानेचं माप होतं ते. (आणि बावांचं माप कधी चुकल्याचं मी ऐकलेलं नाही.)

“अरे!” मागून कुणीतरी ओरडलं. “दर शुक्रवारी असल्या पुलांवरून सायकल चालवतोस ना? मग वाकायचं कसं कळलं नाही?”

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी कपाळ चोळत म्हणालो, “तिथली छपरं जरा उंच आहेत.”